हरळी, मेक्सिकन आणि रुंद पानाचं गवत: लॉनमध्ये तिन्ही मिसळून लावावं का?

अंगण_पुणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्यात दुमजली घराभोवती सुमारे १,४०० चौरस फूट लॉन आहे, ते पावसाळ्याच्या तोंडावर नव्यानं करायचं आहे. आत्ता मार्च संपतोय, म्हणजे दोन महिने हातात आहेत. जागा तीन तऱ्हेची आहे.

पुढची बाजू दक्षिणेची, ७०० चौ. फूट. दिवसभर ऊन, मुलं इथंच खेळतात. घराच्या उत्तरेला १० फूट रुंद, ४० फूट लांब पट्टा आहे आणि त्याला लागून घराची २० फूट उंच भिंत. मागे जुना आंबा, त्याच्याखाली ३०० चौ. फूट.

सध्या सगळीकडे मेक्सिकन आहे. पुढच्या बाजूला हरळी शिरली आणि निम्म्याहून जास्त जागा तिनं घेतली. भिंतीकडे गवत विरळ आहे, आंब्याखाली जवळजवळ नाहीच. माळीदादा म्हणतात, सिलेक्शन वन (लॉनसाठीची हरळी), मेक्सिकन आणि रुंद पानाचं, तिन्ही मिसळून सगळीकडे टोचू. जिथं जे तगेल ते तगेल. ऑनलाइन ‘सर्व हंगामी मिश्रण’ अशी बियांची पाकिटंही दिसतात.

असं मिसळून लावावं का? नसेल तर कुठं काय लावायचं, आणि आधीची हरळी काढायची कशी? माती वर चार-पाच इंच लाल, खाली काळी. पाणी बोअरचं, जड आहे.

उभी_पात

एकाच वाफ्यात मिसळू नका. एकाच अंगणात दोन-तीन गवतं खुशाल ठेवा, पण प्रत्येकाची जागा वेगळी हवी आणि मधली हद्द पक्की हवी.

मिसळून पेरण्याची पद्धत थंड हवेच्या प्रदेशांतली आहे. तिकडची राय, फेस्क्यू ही गवतं झुबक्यांनी वाढतात आणि बी पेरून लावतात. दाणे मिसळून पेरले की रोपं शेजारी शेजारी उभी राहतात. पानांची जाडी आणि कापायची उंची जवळपास सारखी असल्यानं डोळ्याला एकच हिरवळ दिसते. आपल्याकडची उष्ण हवेतली गवतं अंग पसरून वाढतात. हरळी जमिनीवरच्या धावत्या खोडांनी पसरते, तशीच काशांनीही, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडांनी. मेक्सिकन म्हणून जे मिळतं ते झॉइसिया. तेही दोन्ही वाटांनी पसरतं, पण फार सावकाश. रुंद पानाची गवतं फक्त जमिनीवरून सरकतात. म्हणून तिन्ही मिसळून टोचली तरी प्रत्येक काडी आपल्याभोवती आपलंच वर्तुळ धरते. पहिल्या पावसाळ्यात सगळं हिरवंगार दिसतं आणि दिवाळीच्या सुमारास ठिगळं उमटायला लागतात.

‘जे तगेल ते तगेल’ यात एक धोका आहे. तगणारं गवत त्या जागेला योग्यच असेल असं नाही, ते फक्त वेगानं धावणारं असतं. भर पावसाळ्यात, खत-पाणी असेल तर हरळी आठवड्याला वीतभर सहज सरकते. तेवढंच अंतर घ्यायला झॉइसियाला काही महिने लागतात. त्यामुळे मे-जूनच्या उन्हात हरळी उत्तरेच्या पट्ट्यातही घुसेल, मेक्सिकनला झाकेल आणि हिवाळ्यात तिथली सावली लांबली की स्वतःच विरळ होईल. हाती उघडी माती राहील.

खरी अडचण कापणीची आहे. सिलेक्शन वन २.५ ते ३ सेंटीमीटरवर चांगलं राहतं. मेक्सिकनला ३ ते ४ लागतात. रुंद पानाच्या गवतांपैकी स्टेनोटाफ्रमला ७ ते ९, तर ॲक्सोनोपसला ४ ते ५. मिश्र लॉनला उंची एकच देता येते. ३ सेंटीमीटरवर कापलं तर स्टेनोटाफ्रमची सगळी पानं उडतात आणि नुसत्या तपकिरी दांड्या उरतात. ७ वर ठेवलं तर हरळी तंगडते, खाली काड्यांचा थर होतो, आणि एकदा जरा खाली कापलं की पिवळाधमक गालिचा.

खताचंही तेच. उन्हातल्या हरळीला मार्च ते ऑक्टोबर दर महिन्याला चौरस मीटरमागे अडीच ग्रॅमच्या आसपास नत्र लागतं. झॉइसियाला वर्षभरात मिळून दहा ग्रॅम पुरतं. हरळीच्या हिशेबानं खत दिलं तर झॉइसियाखाली मेलेल्या काड्यांचा स्पंजासारखा थर जमतो, पाणी वरच अडतं आणि बुरशी येते. झॉइसियाच्या हिशेबानं दिलं तर हरळी फिकट पडते.

शेवटी तणनाशकं. मिश्र लॉनमध्ये एक गवत ठेवून दुसरं मारणारं, घरी वापरता येईल असं औषध जवळजवळ नाहीच. रुंद पानाच्या तणांवर सर्रास वापरलं जाणारं २,४-डी हरळीला मानवतं, पण स्टेनोटाफ्रमला त्याचा मार बसतो. म्हणजे मिसळताना आपण पुढच्या दुरुस्तीची वाटही बंद करतो.

पाकिटांबद्दल: ‘सर्व हंगामी’मध्ये बहुधा राय आणि फेस्क्यू असतात. नोव्हेंबरमध्ये पेरलं तर आठ-दहा दिवसांत सुंदर उगवतं, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात जळून जागोजागी खड्डे पडतात. पुण्यासाठी घेऊ नका. मेक्सिकन किंवा सिलेक्शन वन बियांनी लावत नाहीत, त्यांच्या काड्या किंवा चटयाच घ्याव्या लागतात.

सावली_मोजणारा

वरचं सगळं पटलं. कुठं काय लावायचं हे ऊन मोजून ठरवा, आणि मोजताना डिसेंबरचा विचार करा. मार्चमध्ये अंगण बघून ठरवलेलं लॉन हमखास फसतं.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, म्हणजे उत्तरेच्या पट्ट्यालाही चांगलं ऊन मिळतं. याउलट २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो, आणि २० फुटी भिंतीची सावली उत्तरेला जवळपास १८ फूट पडते. तुमचा पट्टा १० फुटांचाच. हिशेब केला तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत भर दुपारीही तो पूर्ण सावलीत आहे. साडेचार महिने थेट ऊन नाही, त्यात जुलै-ऑगस्ट ढगाळ. झॉइसिया थोडी सावली सोसतं म्हणतात ते खरं, पण त्यालाही रोज चार-पाच तास थेट ऊन हवं. तुमचं भिंतीकडचं मेक्सिकन विरळ का झालं याचं उत्तर इथंच आहे. खत-पाणी वाढवून ते भरणार नाही.

माझी वाटणी अशी.

पुढचे ७०० चौ. फूट: सिलेक्शन वन. मुलांच्या पायाखाली घासलं गेलेलं गवत लवकर भरून यायला हवं, ते हरळीच्या जातीलाच जमतं. मेक्सिकन दिसतं मऊ, पण रोजच्या खेळानं पडलेला टक्कलाचा चट्टा भरायला त्याला हंगाम जातो. आणखी एक कारण: तुमच्या जमिनीत हरळीच्या काशा आहेतच, कितीही खणलं तरी काही राहतील. सिलेक्शन वन ही हरळीचीच निवडलेली जात आहे. ३ सेंटीमीटरवर कापत राहिलात तर राहिलेली गावठी हरळी त्यात फारशी डोळ्यांत भरत नाही. मिसळणं चालून जातं ते एवढंच. मेक्सिकनमध्ये मात्र तीच हरळी लांबून ओळखू येते.

टिफवे ४१९ ही हरळीचीच दुसरी जात इथं सुचवणार नाही. जात उत्तम आहे, १९६० साली अमेरिकेतल्या टिफ्टन इथं प्रसारित झाली, रंग गडद, पान बारीक. पण गावठी हरळी त्यात आली की फिकट रंगामुळे आणि तुऱ्यांमुळे लगेच उठून दिसते. जमीन पूर्ण स्वच्छ असेल तरच ती लावावी.

उत्तरेचा पट्टा: भिंतीलगत अडीच-तीन फूट गवत लावूच नका. तिथं फरशी, खडी किंवा मोंडो ग्रास (गवतासारखं दिसणारं शोभेचं रोप). उरलेल्या सात फुटांत रुंद पानाचं, शक्यतो स्टेनोटाफ्रम, ७-८ सेंटीमीटरवर. ॲक्सोनोपसही सावली सोसतं, पण त्याला आम्लधर्मी, ओलसर माती आवडते. तुमचं जड पाणी आणि खालची काळी माती यांत ते पिवळं पडत राहील.

आंब्याखाली: जिथं बारा महिने दिवसाला तीन तासांपेक्षा कमी ऊन आहे तिथं कोणतंही लॉन टिकत नाही. फांद्यांच्या घेराच्या बाहेरच्या कडेला रुंद पानाचं जाऊ द्या. बुंध्याभोवतीच्या पाच-सहा फुटांत पालापाचोळ्याचं आच्छादन, मोंडो ग्रास किंवा जांभळ्या पोटाच्या पानाचा रियो. वेडेलिया ही पसरणारी वेल लावू नका, ती दोन पावसांत लॉनमध्ये उतरते.

अंगण_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. हिवाळ्यातल्या सावलीचा विचार केलाच नव्हता. सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनकडे रोपवाटिका बघायला जाणार आहे. तिथं कुणी ‘कोरियन’ म्हणतं, कुणी ‘कार्पेट’, कुणी ‘बफेलो’. नेमकं गवत ओळखायचं कसं?

उभी_पात

नावावर जाऊ नका. ‘कार्पेट’ म्हणून एका ठिकाणी झॉइसिया देतात, दुसरीकडे ॲक्सोनोपस. ‘बफेलो’ म्हणून स्टेनोटाफ्रमही मिळतं आणि ॲक्सोनोपसही. एक काडी उपटून हातात घ्या आणि बघा.

हरळी, सिलेक्शन वन: पान २ ते ४ मिलिमीटर, मऊ. पान खोडाला जिथं चिकटतं तिथं आतल्या बाजूला बारीक पांढऱ्या केसांची झालर. तुरा आला असेल तर एका टोकातून फुटलेली तीन ते सात बोटं, पक्ष्याच्या पंजासारखी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, त्यामुळे ओळख नवी नाही.

झॉइसिया: पान कडक, हाताला टोचतं, खोडापासून जवळजवळ काटकोनात निघतं. तुरा एकच, सरळ, काडीसारखा. अगदी सुईसारखं बारीक पान आणि उशीसारखे उंचवटे असतील तर ती सजावटीची झॉइसिया. दगडांच्या फटीत छान दिसते, पण त्यावर मशीन चालवणं अवघड.

स्टेनोटाफ्रम: पान ५ ते १० मिलिमीटर रुंद, टोक बोथट, होडीच्या नाळेसारखं. पान जिथं खोडाला जोडलं जातं तिथं चिमटा काढल्यासारखं अरुंद होतं. खोड जाड, पेरापेराला पानं समोरासमोर.

ॲक्सोनोपस: पान तेवढंच रुंद, पण कड किंचित लहरी. धावतं खोड बोटांत फिरवून बघा, चपटं लागतं. तुऱ्याची वरची दोन बोटं इंग्रजी व्हीसारखी, अनेकदा खाली तिसरं.

रोपवाटिकेत आणखी एक बघा. चटईच्या कडा उलगडून खालची माती तपासा. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी किंवा दुसऱ्या जातीच्या काशा दिसल्या तर ती गाडी घेऊ नका. मिश्रणाची सुरुवात पुष्कळदा विकत घेतलेल्या चटईतूनच होते.

काशा_वेचा

हरळी काढण्याबद्दल. हरळीला मरण नाही असं वाटतं, पण एप्रिल-मेचं ऊन तिला मारतं. शेतात उन्हाळी नांगरट करतात ती काही अंशी याचसाठी.

१. दोन दिवस आधी हलकं पाणी द्या, म्हणजे माती ढेकळानं सुटेल. गवत अगदी खरवडून कापा आणि कापलेलं बाहेर टाका.

२. टिकाव किंवा पहारीनं आठ इंच खणा. रोटाव्हेटर मुळीच चालवू नका. तो काशांचे तुकडे करतो आणि प्रत्येक पेराला नवं रोप फुटतं. एका हरळीच्या शंभर होतात. यंत्र आणलं की काम एका दिवसात झाल्यासारखं वाटतं, आणि जुलैत कळतं की आपण पेरणी केली.

३. ढेकळं उलटी करून आठ-दहा दिवस उन्हात तशीच पडू द्या. पाणी अजिबात नको. वर आलेल्या काशा वाळून पांढऱ्या पडतात.

४. ढेकळं फोडा, दंताळ्यानं काशा ओढून काढा, उरलेल्या हातानं वेचा. पूर्ण वाळल्याशिवाय त्या कंपोस्टमध्ये टाकू नका.

५. आता मुद्दाम पाणी द्या आणि १२ ते १५ दिवस थांबा. खोल राहिलेली हरळी कोंब वर काढेल. कोंबाच्या मागोमाग खुरपं घालून काशी मुळापर्यंत काढा. नुसता शेंडा खुडून उपयोग नाही. हे किमान दोनदा. पायरी सोडायची असेल तर दुसरी कुठलीही सोडा, ही सोडू नका.

६. मेमध्ये जमीन ओली करून सपाट करा आणि पारदर्शक प्लास्टिक, ५० मायक्रॉनपर्यंतचं, ताणून अंथरा. कडा चारी बाजूंनी सहा इंच मातीत गाडा. हवा आत-बाहेर झाली की उष्णता टिकत नाही. चार ते सहा आठवडे ठेवायचं. काळं प्लास्टिक वापरू नका, त्यानं माती तितकी तापत नाही. वरच्या तीन-चार इंचांतलं तणांचं बी आणि उथळ काशा याने जातात. लव्हाळ्याच्या खोल गाठी जात नाहीत, कधी कधी तर त्याचे कोंब प्लास्टिक भोसकून वर येतात. आंब्याखाली हा उपाय करू नका: ऊन नाही, तिथं माती तापतच नाही.

मार्चअखेर सुरुवात केली तर १ ते ५ पायऱ्यांना सुमारे पाच-सहा आठवडे, मग प्लास्टिकला चार. जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. मृगाचा पाऊस थोडा लांबला तरी घाई करू नका.

ग्लायफोसेट हे तणनाशक कुणी सुचवेल. ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरताच मर्यादित केला, त्यामुळे घरी फवारण्याचा विषय नाही. आणि मुलं खेळतात त्या ७०० चौ. फुटांसाठी टिकाव आणि ऊन पुरेसं आहे.

आंब्याखाली मात्र आठ इंच खणू नका. पोसणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. तिथं खुरप्यानं दोन-तीन इंचच, आणि वरून नवी माती दोन इंचांपेक्षा जास्त नको. बुंध्याला माती टेकवूच नका, साल कुजते.

कोकणमाती

थोडं वेगळं मत मांडतो, पण तुमच्या जागेसाठी नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात जांभ्याच्या आम्लधर्मी मातीवर आणि भरपूर पावसावर ॲक्सोनोपस आणि हरळी एकत्र वाढलेलं अंगण वर्षानुवर्षं चांगलं चालतं. झाडांखाली ॲक्सोनोपस, उन्हात हरळी, मधे दोन्हींची सरमिसळ. ५ सेंटीमीटरवर कापलं आणि खत जवळजवळ दिलंच नाही तर हरळीचा जोर मर्यादित राहतो आणि दोन्ही तग धरतात. खताची गोण आली की हा तोल बिघडतो.

पण ते चालायचं अंगण असतं. एकसारखा रंग, एकसारखं पान तिथं कुणी मागत नाही. जानेवारीनंतर पाणी तोडलं की उथळ मुळांचं ॲक्सोनोपस आधी तांबूस होतं, हरळी बराच काळ हिरवी राहते, आणि ठिगळं तेव्हाही दिसतात. ‘पायाखाली माती लागू नये, पावसात धूप होऊ नये’ एवढीच अपेक्षा असेल तर मिश्रण चालतं. ‘गालिचा दिसावा’ असं वाटत असेल तर वर सांगितलेलं ऐका. पुण्याच्या चुनखडीयुक्त पाण्यावर तर हे साधणारही नाही.

अंगण_पुणे

गालिचाच हवा आहे, निदान पुढं तरी. दोन प्रश्न राहिले. पुढचं सिलेक्शन वन घराच्या कोपऱ्यावरून वळून उत्तरेच्या पट्ट्याला भिडतं, तिथं हद्द कशी करायची? आणि माती, काड्या, पाणी यांचं प्रमाण काय धरू?

सावली_मोजणारा

हद्द दोन पातळ्यांवर लागते, कारण हरळी दोन पातळ्यांवर चालते.

खाली: शहाबादी किंवा कडप्प्याची १२ इंच उंचीची पट्टी उभी गाडा, साडेदहा ते अकरा इंच मातीत आणि इंच-दीड इंच वर. काशा वरच्या सहा इंचांत जास्त असतात, पण भुसभुशीत मातीत त्याखालीही जातात, म्हणून सहा इंची विटेची कड पुरत नाही. सांधे सिमेंटनं पक्के भरा. हरळी दगडातून जात नाही, सांध्यातून हमखास जाते.

वर: पट्टीच्या हरळीकडच्या बाजूला सहा ते नऊ इंच रुंदीची सपाट फरशी लॉनच्या पातळीला बसवा. मशीनचं चाक तिच्यावरून जातं आणि धावती खोडं उघड्यावर येऊन दिसतात. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा ती खोडं विळ्यानं कापा आणि उचलून घ्या. फरशीवरच टाकली तर पावसात पलीकडे वाहून रुजतात. हे काम चुकलं तर बारा इंची दगडाचा उपयोग नाही.

माती: पुढच्या ७०० चौ. फुटांत सहा इंच चांगला थर हवा, म्हणजे ३५० घनफूट, साडेतीन ब्रास. तुमची चार-पाच इंच लाल माती आहेच, तेव्हा ब्रासभर भर पुरावी. भर अशी करा: दोन घमेली लाल माती, एक घमेलं धुतलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली रेती), एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. खणताना वर आलेली काळी माती यात मिसळू नका. चिकणमातीत थोडीशीच रेती घातली की उन्हात ती विटेसारखी घट्ट बसते.

नवी लाल माती टाकण्याआधी ढीग अंगणाबाहेर ठेवा, पाणी मारा आणि पंधरा दिवस बघा. लव्हाळा असेल तर उगवून दिसेल आणि गाडी परत पाठवता येईल. एकदा तो पसरला की काम कठीण होतं. उसातल्या लव्हाळ्यावर वापरतात त्या हॅलोसल्फ्युरॉन या तणनाशकाचं प्रमाण एकरी ३६ ग्रॅम आहे. ७०० चौ. फुटांना ते जेमतेम ०.६ ग्रॅम होतं, सोनाराच्या काट्याशिवाय मोजता येत नाही, आणि हातानं अंदाजे टाकलं तर लॉनच पिवळं पडतं.

उतार दर दहा फुटांना सव्वा ते दोन इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला.

काड्या: सिलेक्शन वनच्या दोन-तीन पेरांच्या काड्या चार इंचांवर टोचा, दोन पेरं मातीत, एक वर. मोसमात सहा ते आठ आठवड्यांत जागा भरते. एक चौरस मीटर चटईतून मोकळ्या केलेल्या काड्या साधारण दहा चौरस मीटरला पुरतात, तेव्हा ७०० चौ. फुटांना सात चौरस मीटर घ्या. स्टेनोटाफ्रमच्या खोडाचे तुकडे सहा इंचांवर.

लावल्यावर हलका रोलर आणि पहिले पंधरा दिवस माती सतत ओली. नंतर एप्रिल-मेमध्ये आठवड्याला ३५ मिलिमीटरच्या आसपास, दोन-तीन पाळ्यांत. चौरस मीटरला एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तुमचा पुढचा भाग ६५ चौरस मीटर, म्हणजे आठवड्याला सुमारे २,३०० लिटर. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात.

युरिया पुढं महिन्याला ३५० ग्रॅम, मार्च ते ऑक्टोबर, पानं कोरडी असताना टाकून लगेच पाणी. उत्तरेच्या पट्ट्याच्या सात फुटांत, म्हणजे २८० चौ. फुटांत, वर्षातून चारदा १४० ग्रॅम: मार्च, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर. दोन्हीकडे एकाच घमेल्यातून एकाच हातानं टाकू नका, सावलीतलं गवत जास्त नत्रानं लुसलुशीत होतं आणि बुरशीला बळी पडतं.

पट्ट्यात शिरा हिरव्या आणि पान पिवळं दिसलं तर ती लोहाची कमतरता, जड पाण्याचा परिणाम. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा. फरशीवर थेंब पडले तर लगेच धुवा, गंजाचे डाग जात नाहीत.

उभी_पात

मशीन एकच असेल तर क्रम पाळा. आधी उत्तरेचं रुंद पान ७-८ सेंटीमीटरवर कापा, मग उंची खाली आणून पुढचं सिलेक्शन वन. उलट केलं तर पात्याला आणि चाकांना चिकटलेले हरळीचे तुकडे ओल्या पट्ट्यात पडतात आणि एका पेरापासूनही रुजतात. कापून झालं की मशीन फरशीवर आडवं करून, प्लग किंवा स्पार्क प्लगची वायर काढून, खालची बाजू कोरड्या ब्रशनं साफ करा.

पुढच्या लॉनचं कापलेलं गवत आंब्याखाली आच्छादन म्हणून टाकायचा मोह होईल. तिथं आंब्याचीच वाळलेली पानं टाका. हरळीचं कापलेलं आठ दिवस फरशीवर कडक उन्हात वाळवून मगच कंपोस्टमध्ये, आणि पावसाळ्यात वाळत नसेल तर बंद पोत्यात भरून ठेवा.

माळीदादांना एवढं सांगा की सिलेक्शन वन आणि रुंद पानाचं अशी दोनच गवतं आणायची आहेत, त्यांनी फक्त प्रत्येकाचं पोतं वेगळं ठेवावं आणि पुढचं पूर्ण टोचून झाल्यावर, हात-खुरपं धुऊन, मगच पट्ट्याकडे वळावं.